पट्टा मी बांधला

तुंगार्लीला ज्या सोसायटीच्या गेटवर मी आहे तिथं अकरा बंगले आहेत. सोमवार ते शुक्रवार या अकरा बंगल्यांत मिळून एकही माणूस नसतो. मी असतो, पण बंगल्यात नाही, गेटाला लागून असलेल्या खोलीत. शनिवारी सकाळपासून गाड्या यायला लागतात, रविवारी संध्याकाळी निघून जातात, आणि मग पुन्हा झाडांवरची वानरं आणि मी.

मी वाशिम जिल्ह्यातला. शाळा सातवीपर्यंत. आठवीचा वर्ग पुढच्या गावात होता आणि मध्ये नदी. घरचे म्हणाले, पाण्याचे दिवस जाऊ दे, मग जा. पाण्याचे दिवस गेले तेव्हा मी दुसऱ्याच्या शेळ्या वळत होतो. वाचता येतं मला, पण सावकाश. समोरचा माणूस मध्येच "समजलं ना?" म्हणून विचारतो, तेव्हा मी अजून दुसऱ्या ओळीवर असतो, आणि लाजेपायी "हो" म्हणून मोकळा होतो. या "हो"नं मला आजवर बऱ्याच घोळांत टाकलंय. ही हकिगत त्यातल्याच एका घोळाची आहे. पण या घोळात मला जी माणसं भेटली त्यांचे उपकार माझ्यावर आहेत, म्हणून लिहितोय.

तांबडी ही रस्त्यावरची कुत्री. मी इथं आलो त्याच हिवाळ्यात ती गेटापाशी येऊन बसली. नाव ठेवलं असं काही नाही, रंगावरून आपोआप पडलं. मी तीन भाकरी करतो, दोन मला आणि एक तिला. आमच्या घरी शेवटची भाकरी कुत्र्याची असते. आई ती लहान थापायची आणि बहुतेक करपवायची. इथं एकट्याच्या स्वयंपाकात शेवटपर्यंत विसरायला नको म्हणून मी तिची भाकरी पहिल्यांदा टाकायचो. त्यामुळं ती चांगली फुगायची.

यावरून आबा मला चिडवायचे. आबा म्हणजे आमचे दूधवाले. कान्हे गावचे शेतकरी, वय सत्तरीच्या पुढं, डोक्याला कायम मफलर. पहाटेच्या लोकलनं दोन किटल्या घेऊन लोणावळ्याला उतरायचे, स्टेशनाबाहेर ठेवलेली सायकल काढायची आणि तुंगार्लीचा चढ चढत यायचे. बंगलेवाले नसतील त्या दिवशीही माझ्या पावशेरासाठी वर यायचे. "तुज्यासाठी न्हाई येत," म्हणायचे, "हितं चढ चडला की छातीतला कफ मोकळा व्हतो." मला ते वऱ्हाडी म्हणायचे. तांबडीची भाकरी बघून म्हणाले होते, "वऱ्हाडी, तुझी बायको आली ना हितं, तर पयलं तुला विचारंल, ही फुगलेली कुणाची अन् ही करपलेली कुणाची."

गेल्या वर्षी गल्लीच्या तोंडाशी नगरपरिषदेचा फलक लागला. हिरव्यावर पांढरी अक्षरं. मी रोज येता-जाता थोडा थोडा वाचून चार दिवसांत संपवला. पाळीव कुत्र्याचा परवाना काढावा. दरवर्षी रेबीजची लस टोचून घ्यावी. सार्वजनिक जागी कुत्रं मोकळं सोडू नये, पट्टा-साखळी हातात धरावी. त्यानं केलेली घाण मालकानं उचलावी. इथपर्यंत मला वाटत होतं की हे सगळं बंगलेवाल्यांच्या झुपकेदार कुत्र्यांसाठी आहे. शेवटची ओळ मात्र माझ्यासाठी निघाली: मोकाट कुत्र्यांना नेमून दिलेल्या जागीच खायला घालावं. आमच्याकडची नेमलेली जागा धरणाच्या वळणावर, चांगली दहा मिनिटं लांब. मी काय केलं, तर तांबडीची भाकरी खोलीच्या मागं, कुणाला दिसणार नाही अशी ठेवायला लागलो. नियम मोडला असं मला वाटलं नाही. दिसलं नाही म्हणजे मोडला नाही, असा माझा हिशोब.

मग कुणी कुणी सांगायला लागलं की कुत्र्यांची गाडी फिरतेय. बागकाम करणारे म्हणाले, नेतात आणि कुठं सोडतात कोण जाणे. इस्त्रीवाला म्हणाला, घाटात. सगळ्यांचं एका गोष्टीवर एकमत होतं: गळ्यात पट्टा दिसला की उचलत नाहीत. एका पाहुण्यांनी टाकलेल्या फाटक्या सॅकचा निळा बंद माझ्याकडं होता. त्याला बक्कल होतंच. मी तो मापानं कापला, टोक मेणबत्तीवर जाळून बसवलं आणि तांबडीच्या गळ्यात बांधला. दोन दिवस ती मागच्या पायानं तो खाजवत राहिली, मग विसरली.

गाडी आली. जाळीवाल्या माणसांनी गल्लीतले दोन काळे कुत्रे धरले. तांबडीपाशी आल्यावर एकजण थांबला. मला म्हणाला, "पाळलेली आहे का?"

मी म्हणालो, "हो."

पाच-सहा दिवसांनी त्याच गाडीनं दोन्ही काळे आणून गल्लीत जिथं धरले होते तिथंच सोडले. डाव्या कानाचं टोक खुणेसाठी जरासं कापलेलं, बाकी धडधाकट. त्यांची नसबंदी झाली होती, लसही टोचली होती. मला मात्र आपण तांबडीला वाचवलं याचाच आनंद. त्या दोघांना जे मिळालं ते आपण हिला मिळू दिलं नाही, हे काही डोक्यात आलं नाही.

डिसेंबरात तांबडी पाण्याच्या पंपाच्या खोलीमागं व्याली. तीन पिल्लं. दोन काळी, एक तिच्यासारखं.

पिल्लं तीन आठवड्यांची असतील. शनिवारची सकाळ होती. थंडी एवढी की आबांच्या किटलीच्या झाकणाला हात लावला तर चटका बसावा. त्यांना गोठ्यासाठी कुत्रं हवं होतं, आधीचं म्हातारं होऊन गेलं होतं. ते पंपाच्या खोलीमागं गेले आणि तांबडं पिल्लू उचलून उजेडात धरलं, नर आहे का मादी बघायला. तांबडी पाणी प्यायला माझ्या दाराशी आली होती. पिल्लू कुईं करताच ती माझ्या बाजूनं अशी गेली की मला तिची शेपूट तेवढी दिसली.

मी पोचलो तेव्हा आबा पिल्लू हळूच खाली ठेवत होते. तेही घाईनं नाही. पोटरीतून रक्त येत होतं.

"आबा, चावली?"

"चावली. तिची चूक न्हाई. मी न इचारता उचललं."

त्यांनी कनवटीची चंची काढून त्यातला चुना जखमेवर दाबला. मी धावत खोलीतून हळद आणली आणि तीही वर लावली. आमच्याकडं असंच करतात, आणि मावळातही तसंच करतात हे त्या दिवशी कळलं. हे सगळं एका बंगल्याच्या ओट्यावरून एक साहेब बघत होते. एरवीच्या आधी, शुक्रवारी रात्रीच आलेले, सोबत लहान नात. त्यांनी मोबाइल काढून तांबडीचा फोटो घेतला. मी त्यांना दोष देत नाही. त्यांची नात त्याच गल्लीत तीनचाकी फिरवायची.

सरकारी दवाखान्यात सिस्टरबाईंनी पोटरी बघितली आणि आम्हा दोघांकडं बघितलं. "दोघांनी मिळून सारवलंय का हे?" नळाखाली पाय धरून साबणानं पंधरा मिनिटं धुवायला लावला. धुणारा मी. आबा स्टुलावर बसून, "असं माज्या लग्नात पण कुणी पाय न्हाई धुतलं," म्हणत होते. सिस्टरबाईंनी सुई दिली, कार्डावर पुढच्या तारखा लिहून दिल्या, आणि मग जे बोलल्या ते मी अजून शब्दाला शब्द सांगू शकतो.

"कुत्री मारायची नाही, सोडायची नाही, हरवू द्यायची नाही. दहा दिवस बांधून नजर ठेवायची. दहा दिवस ती नीट खाऊन-पिऊन राहिली म्हणजे तिला रेबीज नव्हता असं समजायचं. सुया मात्र सांगितल्या तेवढ्या घ्यायच्याच. समजलं ना?"

"हो," मी म्हणालो. या वेळी खरंच समजलं होतं.

रविवारी सेक्रेटरी साहेब आले. बँकेतून रिटायर झालेले, पुण्याला राहतात, दर शनिवार-रविवारी सोसायटीचं काम बघायला येतात. आवाज कधी चढवत नाहीत. त्यामुळंच मला त्यांची जास्त भीती वाटायची.

"हे बघा," ते म्हणाले, "फोटोत पट्टा दिसतोय. पट्टा तुम्ही बांधलाय. म्हणजे वॉचमनचं कुत्रं येणाऱ्या-जाणाऱ्याला चावतं, असं लोक म्हणणार. ती कुत्री इथं दिसता कामा नये. नाहीतर कमिटीला दुसरा माणूस बघावा लागेल. मला ते करायचं नाहीये."

मी मान हलवली. दुसरा माणूस म्हणजे खोलीही दुसऱ्या माणसाची. गावाकडं बायको आणि मुलगी, मुलगी आठवीत. आमच्या घरात आठवीत गेलेली ती पहिली, आणि ती या गेटाच्या पगारावर गेलेली.

संध्याकाळी पाण्याचा टँकरवाला आला. त्याला सगळं कळलं होतं. म्हणाला, "उद्या सकाळी खोपोलीला चाललोय. पिल्लांसकट टाक मागं. घाटात सोडून देतो. कुणाला काय कळतंय?"

मी हो म्हणालो. हे लिहायला जड जातं, पण म्हणालो. सिस्टरबाईंचं बोलणं आठवत होतं तरी म्हणालो. रात्रभर मनाची समजूत घालत होतो की आबांना सुया तर चालू आहेतच.

सोमवारी सकाळी पोत्यात पिल्लं भरण्याआधी आबा आले. लंगडत होते, पण किटल्या होत्या. माझ्याच्यानं राहवलं नाही, मी सांगून टाकलं. आबांनी सायकल स्टँडवर लावली आणि गेटाच्या कट्ट्यावर बसले.

"कुटं सोडणार म्हणला?"

"घाटात."

"बरं." थोडा वेळ मफलर सारखा करत राहिले. "अन् मला कसं कळायचं?"

"काय, आबा?"

"ती चांगली हाय का पिसाळली ते. सुया घेतोय मी, घेतोच. पर घरी म्हातारी रोज इचारती, कुत्री खाती का? तिला काय सांगू? टँकरमधनं गेली म्हणून?"

मी हातातलं पोतं खाली ठेवलं.

"आरं, भैरोबाचं वाहन हाय ते," आबा म्हणाले. "आमच्या गावात देवळाम्होरं बसतं. चावलं म्हणून कुणी घाटात टाकत न्हाई. आन् तू माज्या भीतीनं न्हाई टाकत, नोकरीच्या भीतीनं टाकतोयस. तसं सांग की सायबाला. भ्यायला काय लाज हाय व्हय?"

टँकरवाल्याला मी परत पाठवला. तो मला येडा म्हणून गेला. जुनी साखळी शोधून तांबडीला पंपाच्या खोलीपाशी पिल्लांजवळ बांधली. बांधताना तोच निळा पट्टा उपयोगी आला, हेही खरं.

फोटो काढणाऱ्या साहेबांनी तक्रार केली होती, तिच्यावरून मंगळवारी नगरपरिषदेचा माणूस कागद घेऊन आला. कागदावर मला "श्वानमालक" असं म्हटलं होतं. बुधवारी मी तो कागद चौपदरी घडी करून नगरपरिषदेत गेलो. आरोग्य विभागात एक मॅडम होत्या. टेबलावर फायली, फायलींवर डबा, डब्यावर चष्मा. चष्मा लावून त्यांनी कागद बघितला.

"कुत्री कोणाची?"

"माझी नाही, मॅडम. रस्त्यावरची आहे."

त्यांनी फोटो पुढं केला. निळा पट्टा चांगला ठळक आला होता. "मग हा कुणी बांधला?"

"मीच. गाडीवाले उचलू नयेत म्हणून."

मला वाटलं आता ओरडतील. त्यांनी चष्मा काढला आणि हसू आवरलं. "दादा, या गावात निम्म्या मोकाट कुत्र्यांच्या गळ्यात असेच पट्टे आहेत. लोक माया करतात आणि आमच्या माणसांना काम करू देत नाहीत. हिला तेव्हाच नेली असती तर लस झाली असती, ही पिल्लंही झाली नसती. आणि आठवड्यात तुमच्या गेटावर आणून सोडली असती. जिथून उचलली तिथंच सोडायची, असा नियमच आहे."

मग त्यांनी मला सगळा नियम समजावून सांगितला. अर्धा तास गेला असेल. मध्ये एकदाही "समजलं ना?" म्हणाल्या नाहीत. एक गोष्ट सांगायच्या आणि म्हणायच्या, "आता तुम्ही मला सांगा." मी माझ्या शब्दांत परत सांगायचो. चुकलं तर तेवढंच पुन्हा. शाळेत मला असं कुणी शिकवलं असतं तर, असं उगाच मनात आलं.

सार एवढं होतं. कुत्री एक तर कुणाची तरी असते, नाहीतर कुणाचीच नसते. कुणाचीच नसेल तर पट्टा काढायचा; पिल्लांचं दूध सुटलं की गाडी तिला नेईल, नसबंदी-लस करून परत आणेल, आणि तिचं खाणं धरणाच्या वळणावर, गेटावर नाही. माझी असेल तर परवाना काढायचा, लस-नसबंदीला मी आणायची, गल्लीत नेताना साखळी माझ्या हातात, आणि ती कुणाला चावली तर जबाब मी द्यायचा. मधलं काही नाही. मी इतके दिवस नेमका मधल्या जागेत होतो.

"आज काही ठरवू नका," मॅडम म्हणाल्या. "दहा दिवस पुरे होऊ द्या. मग सांगा." आणि त्यांनी माझ्या देखत सेक्रेटरी साहेबांना फोन लावून दिला. दहा दिवस कुत्री जागची हलवता येणार नाही, एवढंच सांगितलं. त्या फोननं माझी नोकरी तेवढे दिवस तरी राहिली. साहेब म्हणाले म्हणे, "ठीक आहे, अकराव्या दिवशी बघू."

संध्याकाळी बायकोला फोनवर सगळं सांगितलं. तिनं बाकी काही मनावर घेतलं नाही. म्हणाली, "म्हंजे त्या कुत्रीले बरं हाय. जेथून नेली तेथंच आणून सोडतात. तुमच्यासाठी असा काही नेम नाही काय?"

ते दिवस मी कसे काढले ते माझं मला माहीत. कुणीतरी सांगितलं होतं की पिसाळलेलं कुत्रं पाण्याला भितं. मी दिवसातून दहा वेळा तिच्यापुढं पाण्याची वाटी धरायचो. पहिले दोन-तीन दिवस ती मला बरं वाटावं म्हणून प्यायची. मग नुसती बघायला लागली. ती प्याली नाही की मी पाणी बदलून पुन्हा धरायचो. साखळी तिला आवडली नव्हती. सकाळी गल्लीतले काळे कुत्रे वासुदेवासारखे ऐटीत गेटावरून जायचे तेव्हा ती उभी राहून नुसती रडायची. रोज दुपारी मी नगरपरिषदेत फोन करून सांगायचो, "खाल्लं. प्याली. पिल्लांना पाजलं." पलीकडचे लिहून घ्यायचे. एकदा विचारलं, "तुम्ही जेवलात का?"

सहाव्या दिवशी तिनं भाकरीला तोंड लावलं नाही. हुंगली आणि मान फिरवली. दूध घातलं, तरी नाही. आबांची दुसरी सुई झाली होती, तिसरी दुसऱ्या दिवशी होती. मला सारखं दिसायला लागलं की कान्ह्याच्या घरात म्हातारी दारात बसून वाट बघतेय, कुत्री खाती का म्हणून. शेवटी आबा आले तेव्हा मी भाकरीचं ताट तसंच त्यांच्यापुढं केलं.

आबांनी भाकरी उचलून नाकाशी धरली. "ह्यात काय घातलंस?"

"थोडी हळद. रोग आत शिरू नये म्हणून."

"थोडी? आरं, हळदीची पोळी केलीस. मी पण न्हाई खायचो." ताट त्यांनी माझ्या हातात दिलं. "जा, साधी कर. तवर मी बसतो हिच्यापाशी."

चावलेल्या पायाचा माणूस चावलेल्या कुत्रीपाशी बसला आणि मी आत जाऊन भाकरी केली. घाईत आच जास्त झाली, म्हणून ती करपली. तांबडीनं करपलेली सगळी खाल्ली, ताट चाटलं, आणि आबांच्या चपलेवर मान ठेवून पडली. आबा म्हणाले, "आता म्हातारीला सांगायला झालं." दुसऱ्या दिवशी तिसऱ्या सुईला मी त्यांच्याबरोबर गेलो, पुढच्या दोन्हींनाही गेलो. ते नको म्हणायचे आणि वाट बघत थांबायचे.

दहावा दिवस मंगळवारी पुरा झाला. नगरपरिषदेकडून जनावरांचे डॉक्टर आले, तांबडीला बघितलं, ठणठणीत असल्याचं लिहून गेले. त्या रात्री मी दहा दिवसांत पहिल्यांदा सलग झोपलो.

बुधवारी सकाळी सेक्रेटरी साहेब आले. एरवी शनिवार-रविवारशिवाय न येणारे, खास लोकल पकडून. आबा दूध घालत होते. साहेबांनी त्यांना आधी विचारलं, "पाय कसा आहे? तुमचं काय म्हणणं आहे या प्रकरणात?"

"कुत्री चावली हे खरं," आबा म्हणाले. "पिल्लू मी उचललं हेबी खरं. लिवायचं तर दोन्ही लिवा, सायब."

"आणि तुम्ही?" साहेब माझ्याकडं वळले. "पट्टा काढून टाका, म्हणजे विषय संपला. ती नगरपरिषदेची, आपला संबंध नाही. तुमची नोकरीही राहील. मी कमिटीला तसं सांगून आलोय."

हे त्यांनी चांगल्या मनानं केलं होतं. मला सोडवायलाच आले होते. सोपी वाट होती आणि मी खाली वाकून पट्ट्याच्या बक्कलाला हातही लावला. तांबडीनं मान वर केली, मला सोयीचं व्हावं म्हणून. बांधताना करायची तशीच.

"साहेब," मी म्हणालो, "माझी आहे ती."

"म्हणजे?"

"परवाना काढतो. साखळीनं नेईन. लस, नसबंदी, सगळं करीन. गल्लीत घाण केली तर उचलीन. पुन्हा कुणाला चावली तर तुम्ही म्हणाल तेव्हा जाईन. गाडीवाल्यांना हो म्हणालो होतो, मॅडमना नाही म्हणालो. आता एकच काय ते म्हणतो." एवढं लांब मी साहेबांशी कधी बोललो नव्हतो. "मला भीती वाटते नोकरीची. तरी म्हणतो."

आबा किटलीच्या झाकणाशी उगाच खटपट करत राहिले.

साहेबांनी बॅग कट्ट्यावर ठेवली. "परवान्याला पत्त्याचा पुरावा लागतो, माहितीये? तुमचं आधार वाशिमचं. इथला पत्ता म्हणजे सोसायटीचं पत्र लागणार. की हा माणूस इथं राहतो."

"मला माहीत नव्हतं, साहेब."

"आमच्या कमिटीचा ठराव आहे, कामाच्या माणसाला असं पत्र द्यायचं नाही. एकदा राहतो म्हणून लिहून दिलं की माणूस खोली सोडत नाही, असं सगळ्यांना वाटतं. खरं सांगतो, मलाही वाटतं."

त्यांचंही खरं होतं. मला वाटलं, संपलं. आबा मात्र बोलले, माझ्याकडं न बघता. "सायब, मावळात लय जणांनी लय जागा बळकावल्या. वॉचमननं बळकावलेली काय मी आजून बघितली न्हाई."

साहेब हसले. त्यांना हसताना मी तोवर बघितलं नव्हतं. बॅग उघडून सोसायटीचा छापील कागद काढला, गेटाच्या रजिस्टरवर ठेवला आणि उभ्या उभ्या लिहायला लागले. लिहून झाल्यावर माझ्याकडं दिला नाही, वाचून दाखवला. "सदर इसम आमच्या सोसायटीत गेटलगतच्या खोलीत गेली तीन वर्षे वास्तव्यास असून त्यांची वर्तणूक चांगली आहे. श्वान परवान्यास सोसायटीची हरकत नाही." मग म्हणाले, "ठीक?"

इथं मी नेहमीसारखं हो म्हणायचं. तोंडापर्यंत आलंही होतं.

"साडेचार," मी म्हणालो.

"काय?"

"तीन नाही, साडेचार वर्षं झाली, साहेब."

त्यांनी चष्म्यावरून माझ्याकडं बघितलं, बोटांवर काहीतरी मोजलं आणि "बरोबर आहे तुमचं" म्हणत तीनवर आडवी रेघ मारली. वर साडेचार लिहिलं आणि खाडाखोडीशेजारी लहान सही केली.

दुसऱ्या दिवशी मॅडमनी पत्र तपासलं. खाडाखोडीवर बोट ठेवून विचारलं, हे कुणी केलं. मी म्हणालो, मी करायला लावलं. शेजारी सही आहे म्हणजे चालतं, असं म्हणून त्यांनी माझा अर्ज स्वतः भरला, कारण माझं लिहिणं वाचण्याहूनही सावकाश. मालकाच्या पत्त्याच्या ओळीवर सोसायटीचं नाव, गेटलगतची खोली, तुंगार्ली, लोणावळा असं लिहिलं आणि अर्ज माझ्याकडं वळवला. "वाचून बघा आणि मग सही करा. घाई नाही," म्हणाल्या, आणि दुसरी फाइल उघडली. मागं रांगेत तीन-चार माणसं होती. मी अगदी शेवटच्या ओळीपर्यंत वाचलं आणि मग सही केली.